म्हातारीला वाचून दाखवलेला खातेउतारा

माझी मालकीण पैसे मोजत नसे. गाळ्याचं पहिलं भाडं मी तिच्या हातावर ठेवलं, तेव्हा तिनं नोटा पसरल्या, एकेक नोट पुढून-मागून बघितली आणि घडी करून कनवटीला लावली. "मोजून घ्या ना आजी," मी म्हणाले. "कामून? पाह्यल्या की," ती म्हणाली. तिसऱ्या महिन्यात घाईघाईत माझ्याकडून एक नोट कमी गेली. चुकूनच गेली, पण मुद्दाम केलं असतं तरी पचलं नसतं. तिनं नोटा पसरल्या, बघितल्या आणि हात तसाच पुढं धरून ठेवला. "एक आली न्हाई," एवढंच म्हणाली.

तिच्या माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. मेंढरं मोजायची नसतात, मोजली की घटतात, असं त्यांच्यात मानायचे. मग संध्याकाळी कळप परत आला आणि एखादं मागं राहिलं, तर कळायचं कसं, असं मी एकदा विचारलं. "तोंडं पाह्यची," ती म्हणाली. "तुमी घरात जेवाया बसता तवा मोजता का? कोण आलं न्हाई ते कळतंच ना." मेंढरं विकून वीस-पंचवीस वर्षं झाली होती, लेक जालन्याला बियाण्याच्या कंपनीत गाडी चालवत होता, पण म्हातारीची बघायची सवय काही गेली नव्हती.

राजूरला मी आले ती जालन्याहून. शाळेतली कंत्राटी क्लार्कची नोकरी संपली होती, नवरा त्याआधीच वेगळा झाला होता, आणि हातात शिवण होती. गणपतीचं गाव, प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी, म्हणजे कापडी पिशव्या, आसनं, ताटावरचे रुमाल खपतील, असा माझा अंदाज. म्हातारीचा गाळा देवळाच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत होता, म्हणून परवडला. दोन मशीन घेतल्या, शिवायला गावातल्या दोघी ठेवल्या. धंदा बरा चालला. गावाला मात्र मी काही पटले नाही. एकटी बाई, त्यात चष्मा, त्यात शहरी बोलणं. कुणी पत्ता विचारला तर 'ते बाहेरच्या बाईचं दुकान' असं सांगायचे. चार वर्षं झाली तरी मी आपली बाहेरचीच.

म्हातारी दिवसभर गाळ्यासमोर मोसंबीचं रिकामं क्रेट पालथं घालून बसायची. नावं तिच्या लक्षात राहत नसत, की ठेवायचीच नसत, देव जाणे. माणसाला ती खुणेनं ओळखायची. दूधवाला 'वाकडी मान', तलाठी 'दोन पेनवाला', मी 'चष्मेवाली', आणि स्वतःची सून 'उंच पोरगी'. पण एकदा बघितलेला चेहरा तिच्याकडून कधी सुटला नाही. दोन वर्षांमागं पिशवी घेऊन गेलेली बाई परत आली की ही क्रेटवरूनच म्हणायची, "मागल्या बारीला तुझ्या कडंवर लेकरू व्हतं माय, ते कुठंय?" बाई चाट पडायची. आणि एखाद्या बाप्याला बघून, "ह्यानं मागं दहा रुपये कमी देल्ते," हेही तितक्याच मोठ्यानं सांगायची. माझी किती गिऱ्हाइकं तिनं अशी घालवली त्याची गणती नाही. मी चिडले की म्हणायची, "खरं तेच बोलू राह्यले. तुला कामून झोंबतं?"

ती जाऊन आता वर्ष होत आलं. माझं दुकान आजही चालू आहे ते तिच्यामुळं, हे मी लाज न बाळगता सांगते. त्याची गोष्ट बँकेची आहे.

दुसऱ्या वर्षी गावातल्या बँकेनं मला ओव्हरड्राफ्ट दिला. म्हणजे दुकानातल्या मालाच्या भरवशावर खात्यात असतील त्याहून जास्त पैसे उचलायची सवलत. माल जितका, उचल तितकी. दर महिन्याला मालाचा कागद भरून द्यायचा, अधूनमधून बँकेचा माणूस येऊन माल बघणार. जालन्याच्या कापडवाल्या शेठला मी त्याच खात्यावरचे चेक द्यायचे. शेठ बोलायला गोड, पण उधारीला कडक. "ताई, तुमचा चेक म्हंजे रोकड," असं म्हणायचे तेव्हा मला फार बरं वाटायचं. शहरात कुणीतरी माझ्या नावावर विश्वास ठेवतंय, याचं कौतुक वाटायचं.

गणपती महिन्यावर आले असताना शेठला दिलेला एक चेक परत गेला. शेठचा फोन आला. ओरडले नाहीत. "ताई, तुमच्याकडून ही उमेद नव्हती. आता माल रोखीनं," म्हणाले आणि फोन ठेवला. वर्षाची निम्मी कमाई त्या दिवसांतली. कापड आलं नाही तर पिशव्या नाहीत, पिशव्या नाहीत तर त्या दोघींचा पगार नाही, आणि मग मी परत जालन्याला भावाच्या दारात. भाऊ वाईट नाही, पण त्याच्या दारात जायचं नव्हतं म्हणून तर इथवर आले होते.

बँकेत गेले. मॅनेजरसाहेब नागपूरकडचे, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. कॉम्प्युटरकडं बघत म्हणाले, "मॅडम, खातं तीन महिन्यांपासून मर्यादेबाहेर आहे. चार्जेस सिस्टमनं लावलेत, मी काही करू शकत नाही. पैसे भरा, खातं नियमित होईल." उताऱ्याची चार पानं छापून दिली. दंड, व्याज, दंडावरचा कर, चेक परतीचा खर्च. मी खात्यातून जास्त उचललंच नव्हतं, तरी मर्यादेबाहेर कशी गेले हे त्यांनाही सांगता येईना आणि मला विचारता येईना. मी परत आले, शटर अर्धं ओढलं आणि रडले.

म्हातारी आत आली. समजूत वगैरे घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. "कागद वाच," म्हणाली.

"आजी, तुम्हाला काय कळणार त्यात?"

"मला कळाया वाच न्हाई म्हन्लं. तू वाच, मी ऐकते. एकेक ओळ वाच, जल्दी करू नको."

मग तिनं मला तिची रीत सांगितली. दिवसा मेंढरं रानात जातात, कोकरं मागं तळावर असतात. सांजेला मेंढरं परतली की कोकरं सोडायची. एकच कालवा उठतो, पण प्रत्येक कोकरू आपल्या आईला जाऊन लुचतं. मेंढी दुसरीच्या कोकराला जवळ येऊ देत नाही. सगळी लागली की जे एखादं मधेच ओरडत उभं राहतं, ते एक तर पोरकं, नाही तर दुसऱ्याच्या कळपातलं. "तसं पाह्यचं," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीला इचार, तुझी माय कोणती. माय सापडली तं ती आपली. न्हाई सापडली तं परकी."

मला हसू आलं, पण वाचायला लागले. शेठला दिलेला मागचा चेक. "आपली." मशीनच्या दुरुस्तीचा खर्च. "आपली." चेक परतीचा दंड. "हिची माय?" मी म्हणाले, मर्यादा ओलांडली म्हणून. "मंग ती मर्यादा वलांडल्याची ओळ कोणाची?" मी बोट फिरवत मागं गेले. मर्यादाच खाली आणली होती, म्हणून. "खाली कोणी आणली?" आणखी मागं गेले. उन्हाळ्यातल्या एका तारखेला एक लहानशी रक्कम होती आणि पुढं लिहिलं होतं, निरीक्षण खर्च. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून सगळं बिघडलं होतं. त्या तारखेकडं बघून माझ्या डोक्यात लख्ख झालं. तो मंगळवार होता, अंगारकीचा.

राजुरात अंगारकीला काय होतं हे राजूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. माणसांनी रस्ते तुंबतात, गाड्या गावाबाहेर थांबतात. गर्दी मोठ्या रस्त्यानं देवळात जाते आणि तशीच परत फिरते, आत गल्लीत कुत्रंही वळत नाही. म्हणून आम्ही गल्लीतले सगळे दुकानदार पहाटेच माल उचलतो, मोठ्या रस्त्याला पाल लावतो आणि दुकानांना कुलपं घालतो. बँकेच्या माणसानं नेमका तो दिवस निवडला होता. गल्लीत आला असेल, कुलूप बघितलं असेल, आणि माल नाही असं लिहून गेला असेल.

"सगळ्या कळपाची माय ही हाय," म्हातारी म्हणाली, "अन् हीच परकी."

मी लगेच अर्ज लिहायला घेतला. तेवढ्यात तिनं विचारलं, "ती मधली राह्यली. कागद न देल्याचा दंड. ती कोणाची?"

ती ओळ मी मुद्दामच घाईनं वाचली होती. "मी कागद दिला होता बहुतेक," म्हणाले.

"न्हाई देल्ता. त्या महिन्यात तू भाचीच्या लग्नाला गेल्ती. आठ दिस कुलूप व्हतं. ती आपली हाय."

"आजी, त्यांनी माझे एवढे खाल्लेत, एक त्यांचा गेला तर काय बिघडतं?"

"आपली ती आपली," ती म्हणाली आणि क्रेटवर जाऊन बसली. मी काही ऐकलं नाही. अर्जात ठोकून लिहिलं की सर्व चार्जेस चुकीचे आहेत, सर्व परत करावेत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर बँकेत आली. मी नको म्हणत होते. धुतलेलं लुगडं नेसून, पाण्याचा तांब्या घेऊन ती साहेबांच्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसली. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला, काही बोलणार तोच ही म्हणाली, "साहेब, ह्याच्यात एक ओळ आमची हाय. ही लग्नाला गेल्ती, कागद द्यायचा राह्यला. तो दंड घ्या तुमी, बराबर हाय. बाकीच्या परक्या हायत."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. बाहेर आल्यावर हिला कुठल्या शब्दांत बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पण साहेब पहिल्यांदाच कॉम्प्युटर सोडून आमच्याकडं बघायला लागले. रोज दहा माणसं येऊन 'सगळंच चुकलंय' म्हणत असतील, आमचं एक बरोबर आहे म्हणणारं त्यांना कुणी भेटलं नसावं. त्यांनी फाईल मागवली. निरीक्षणाचा अहवाल काढून वाचला. "यात लिहिलंय, दुकान बंद आढळले, माल आढळला नाही."

"बंदच व्हतं," म्हातारी म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"माल पालात व्हता ना, रस्त्यावर. अंगारकी व्हती साहेब. दुकानात काय देव येणार व्हता?"

साहेब हसले, पण मग गंभीर झाले. "मावशी, मला पटतंय. पण वर मला कागद लागतो. निरीक्षण आम्ही करत नाही, बाहेरच्या एजन्सीचा माणूस करतो. त्यानं लिहून दिल्याशिवाय मर्यादा परत वाढवता येत नाही. गुरुवारी येतो तो."

गुरुवारी आम्ही दहा वाजल्यापासून बाकावर. म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत होती आणि मला त्यांच्या घरच्या भानगडी ऐकवत होती. बाराच्या सुमाराला पन्नाशीचा एक गृहस्थ हेल्मेट काढत आत आला. ती उठलीच. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"घाऱ्या, तू अंगारकीला आल्ता ना?"

तो गोंधळला. "कोण आपण?"

"उन्हाचा लई दमला व्हता. हिच्या पालात माझ्यापाशी पाणी मागितलं. मी ह्याच तांब्यातून देल्तं. अन् नारळ हातात धरून चालला व्हता, म्हणून म्हन्लं, बाबा, पिशवी घे."

तो तिच्याकडं बघत राहिला. माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. ज्या पिशवीत त्याच्या फायली होत्या ती मरून कापडाची पिशवी माझी होती. बंदाला हिरव्या दोऱ्याची दुहेरी टीप मी स्वतः मारते, त्या दोघींना अजून नीट जमत नाही. माझा माल त्यानं माझ्या पालात उभं राहून बघितला होता, विकत घेतला होता, आणि मग गल्लीत जाऊन 'माल आढळला नाही' असं लिहिलं होतं.

मला इतका संताप आला होता की मी तोंड उघडलं असतं तर अख्खी बँक गोळा झाली असती. म्हातारीनं माझा हात दाबून धरला. साहेबांच्या खोलीत तो माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला. खोटं बोलला असता तर त्याला कोण काय म्हणणार होतं? पण बोलला नाही. "शटर बंद होतं साहेब. आजूबाजूला विचारायला कुणी नाही. अजून तीन दुकानं करायची होती, बंद लिहून टाकलं. पालात हीच बाई होती, हे मला काय माहीत?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चुकलं ताई." त्यानं तिथंच बसून दुसरा अहवाल लिहिला.

वर कागद जायला, फिरायला तीन आठवडे लागले. साहेबांनी मात्र त्याच दिवशी शेठच्या नावानं पत्र दिलं की चेक परत गेला त्यात खातेदाराचा दोष नाही. मी दुपारच्या एसटीनं जालन्याला गेले. शेठनं पत्र दोनदा वाचलं आणि गुमास्त्याला म्हणाले, "ताईंचे गठ्ठे बांध." परत येताना मी खिडकीशी बसून पुन्हा रडले, पण ते रडणं निराळं होतं.

पैसे परत आल्यावर म्हातारीनं उतारा पुन्हा वाचून घेतला. एकेक परत आलेली ओळ मी वाचली, ती मान हलवत गेली. कागद न दिल्याचा दंड तेवढा परत आला नव्हता. "बराबर," म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्या घाऱ्याची नोकरी तं न्हाई ना गेली?" मला त्या माणसाची आठवणसुद्धा नव्हती. तिनं मला परत बँकेत पाठवलं, चौकशी करायला. नोकरी गेली नव्हती. दर अंगारकीला तो आता आधी पालात येतो, मोबाईलवर मालाचे फोटो काढतो आणि मग गल्लीतलं कुलूप बघायला जातो.

पैसे परत आले त्या दिवशी मी फार खुशीत होते. तिची चेष्टा करावीशी वाटली. "आजी," मी म्हणाले, "एवढ्या ओळी ओळखल्या. मी कोण ते सांगा. आपली का परकी?" मला वाटलं, म्हातारी विरघळेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं. "पाहू," म्हणाली. "अजून पाहूच राह्यले." मला जरा लागलं. पण राग धरता आला नाही, कारण खोटं बोलून कुणाला बरं वाटू देणं तिला जमत नसे, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. अशा माणसाजवळ राहायला मिळालं हे माझं नशीब, हेही तेव्हाच कळायला लागलं होतं.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. लेकानं जालन्याच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी मी दुकान बंद करून गेले. वॉर्डाच्या दाराशी सिस्टरनं अडवलं. घरच्यांनाच सोडतो, म्हणाली. आतून लेक आला. भला माणूस, पण आईच्या वळणाचा. "ह्या आमच्या भाडेकरू हायेत," त्यानं खरं ते सांगितलं. सिस्टर म्हणाली, मग उद्या भेटीच्या वेळेला या.

दारातून तिची खाट दिसत होती. नाकाला नळी होती. तिनं मान वळवली आणि मला बघितलं. चष्म्यापासून चपलांपर्यंत बघितलं, परत वर बघितलं. उताऱ्यातल्या एकेका ओळीला द्यायची तेवढा वेळ घेतला.

"आपली हाय," ती म्हणाली. "येऊ दे तिला."

सिस्टरनं रजिस्टर पुढं ओढलं, माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. नात्याच्या रकान्यात तिनं काय लिहिलं ते मला दिसलं नाही, डोळे भरून आले होते.